सत्तारभाईंची टाकी गळली

१

रविवारी सकाळी नत्थुजी टेकाड्यांनी शेडचं शटर वर केलं आणि पहिल्याच पावलाला त्यांची चप्पल डिझेलात चपचपली. ऐंशी लिटर डिझेल फरशीवर पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध त्यांचा एकसष्ट सालचा लांब नाकाचा ट्रक नवा हिरवा रंग लेवून, गळ्यात झेंडूचा हार घालून उभा होता. दोन तासांनी अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यात हा ट्रक सगळ्यांच्या पुढे चालायचा होता. स्टिअरिंगवर खुद्द नत्थुजी बसणार होते. त्यासाठी सत्तराव्या वर्षी त्यांनी नवा कोट शिवला होता. तो कोट अंगात घालून ते शेडच्या पायरीवर बसून राहिले आणि प्रदर्शन त्यांच्यावाचून पार पडलं.

गळली होती ती डिझेलची टाकी. ट्रकची मूळ टाकी गंजून चाळणी झाली होती आणि कंपनीनं तसल्या टाक्या बनवणं कधीच बंद केलं होतं. म्हणून नत्थुजींनी अकोल्याच्या अब्दुल सत्तारांच्या दुकानातून हुबेहूब तशीच नवी करून घेतली. सत्तारभाईंच्या दुकानातली टाकी गळत नाही, हे अकोल्यापासून परतवाड्यापर्यंतचा कुठलाही ड्रायव्हर छातीठोकपणे सांगेल. फक्त ही टाकी सत्तारभाईंनी केली नव्हती. त्यांच्या पुतण्यानं, शाकीबनं, पहिल्यांदाच कोणाचा हात न लागता एकट्यानं केलेली टाकी होती ती.

बातमी कळताच दुपारी शाकीब अकोल्याहून आला, ट्रकखाली सरकला, दोन मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, "माही चूक हाय काकाजी." एवढंच. मग खाली मान घालून निघून गेला.

बिल्कीसला हे सगळं संध्याकाळी अब्बांच्या फोनवर कळलं आणि तिला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

बिल्कीस ही सत्तारभाईंची एकुलती एक मुलगी. बाराव्या वर्षी ती पत्र्याचा सांधा असा झाळायची की गिऱ्हाईक विचारायचं, उस्ताद, हा तुमचा हात का? अब्बांचा चौकोनी टोचा सोडून दुकानातलं एकूण एक हत्यार तिनं हाताळलं होतं. पत्र्यावर खुणा करायचा तो टोचा अब्बांनी स्वतः घासून घडवला होता आणि त्याला दुसऱ्या कोणी शिवायचं नाही असा दंडकच होता. पंधराव्या वर्षी अब्बांनी तिच्या हातातून झाळायची डागणी काढून घेतली. मुलीनं आता दुकानात बसू नये, म्हणाले. पुढे काही वर्षांनी बाळापूरहून चाचांचा शाकीब आला आणि तीच डागणी त्याच्या हातात गेली. या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली होती, पण बिल्कीसच्या पोटातला निखारा काही विझला नव्हता. ती शिकली, अमरावतीत विमा कंपन्यांसाठी गाड्यांची सर्वेअर झाली. ठोकलेली गाडी पाहून चूक कोणाची ते सांगायचं, हे तिचं काम. चूक कोणाची हे तिच्याइतकं झटकन कोणाला दिसत नसे.

"तू जाऊन पाय बेटा," अब्बा फोनवर म्हणाले. "पाय अन् नत्थुजीले कागदावर लिहून दे, काय झालं थे. लोकं काईबाई बोलून राह्यले. शाकीब तं म्हणते मी बुधवारपासून नांदगाव पेठेत कारखान्यात लागतो. दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव टाकाचं होतं, थेबी राह्यलंच आता."

बिल्कीसनं फोन ठेवला आणि भिंग, टॉर्च, आरसा पिशवीत भरला. पाटी रंगवायची राहिली, हे तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

२

सोमवारी सकाळी ती परतवाडा रोडवर नत्थुजींच्या घरी पोचली तेव्हा टाकी खाली उतरवून लाकडी फळ्यांवर ठेवली होती. नत्थुजी टाकीशेजारी असे बसले होते, जसं घरात कोणी आजारी आहे.

"पोरानं मले तोंडघशी पाडलं, बिल्कीस," ते म्हणाले. "अन् म्या काय म्हटलं होतं माईत हाय? म्या सोता मंगळवारी अकोल्याले गेलो होतो, चुन्याची परीक्षा पाहाले."

चुन्याची परीक्षा बिल्कीसला कोणी सांगायला नको होती. टाकी तयार झाली की बाहेरून सगळ्या सांध्यांवर चुना फासायचा, आत रॉकेल भरायचं आणि एक आख्खा दिवस तशीच ठेवायची. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथला चुना ओला काळपट पडतो. त्याशिवाय अब्बांच्या दुकानातून टाकी बाहेर पडत नसे.

"चुना पांढराफटक राह्यला," नत्थुजी सांगत होते. "कोठीच डाग नाई. मंग मी तं सत्तारभाईच्या तोंडावरच बोललो, चार गिऱ्हाइकाइसमोर. म्हटलं, भाऊ, पोरगं तुमच्या पुढं गेलं. असा सांधा तुमच्या हातचाबी नाई पायला म्या."

"मंग अब्बा काय म्हणाले?"

"हसले. चहा सांगतला. मंग सगळ्याइले बाहेर काढलं अन् दार लोटून रंगाचा हात द्याले बसले."

बिल्कीसनं मान हलवली. त्या वाक्यानं तिच्या मनात कळ उठली होती. पोरगं पुढं गेलं म्हणे! तिच्याबद्दल असं कोणी कधी चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं नव्हतं. ती फळ्यांजवळ बसली आणि शाकीबच्या सांध्यावरून नख फिरवायला लागली. चूक शोधत होती ती, दुसरं काही नाही. कुठेतरी झाळ पातळ असेल, कुठेतरी बुडबुडा राहिला असेल, कुठेतरी घाई झाली असेल.

नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि कुठे अडलं नाही. दुमडलेल्या पत्र्यात झाळ अशी बसली होती की सांधा कुठे सुरू होतो तेच कळत नव्हतं. बिल्कीसनं ओठ चावला. तिनं उलट दिशेनं पुन्हा नख फिरवलं. सांधा तसाच होता, निर्दोष.

मग गळली कुठून?

भोक सापडलं ते सांध्यापासून चांगलं बोटभर लांब, तळाच्या साध्या पत्र्यावर. मोहरीएवढं. त्याच्या भोवती रुपयाएवढ्या जागेतला काळा रंग निघून गेला होता. बिल्कीसनं टाकीच्या तोंडातून आरसा आत सोडला आणि टॉर्च मारला. भोकाच्या कडा आतल्या बाजूला वळल्या होत्या. चार पाकळ्या, चारही सारख्या.

गंजून पडलेल्या भोकाला पाकळ्या नसतात आणि उसवलेला सांधा सांध्यावरच उसवतो. बिल्कीस उठून उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

"काकाजी," ती म्हणाली, "ही टाकी फुटली नाही. कोणीतरी बाहेरून टोचून फोडली हाय."

३

नत्थुजींनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं गोष्ट फार सोपी झाली. निदान तसं वाटलं.

गुरुवारी शाकीबनं टाकी ट्रकला बसवली आणि डिझेल भरलं. शुक्रवारी ट्रक परतवाड्यापर्यंत जाऊन परत आला. ऐंशी-नव्वद किलोमीटरात थेंब सांडला नाही, नत्थुजी दर थांब्याला वाकून पाहत होते. शनिवारी चार वाजता जुना ड्रायव्हर चंद्रभान यानं ट्रक धुतला. सहा वाजता नत्थुजींनी शटर ओढून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. चार ते सहा या वेळात शेडमध्ये दोनच माणसं येऊन गेली होती. एक चंद्रभान आणि दुसऱ्या नत्थुजींच्या पत्नी वच्छलाबाई, हार घालायला.

बिल्कीस आधी स्वयंपाकघरात गेली. वच्छलाबाई वांग्याच्या भाजीला फोडणी देत होत्या.

"म्या टोचली म्हणता?" त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "अवं बाई, मले मोडाचाच असता तं काचावर वरवंटा घातला असता. टोचत काहून बसू?"

"राग तं हाय तुमाले त्याचा."

"राग? सवत हाय थे माही!" आता त्या वळल्या, हातात झारा. "माह्या वाढदिवसाची याद नाई या माणसाले, अन् ट्रकाचा वाढदिवस करते. पेढे वाटते. दोन वर्षं झाली, म्हणून राह्यली का मले शेगावले घेऊन चाला, तं म्हणते रंग ओला हाय. शनिवारी हार मीच घातला, अन् घालता घालता चार शिव्याबी घातल्या. पण रविवारी थ्या पायरीवर कोट घालून बसलेले पायले ना, मले जेवन नाई गेलं. लिवा, हेबी लिवा तुमच्या कागदावर."

बिल्कीसनं लिहिलं नाही. बाईंचा मत्सर उघड्यावर वाळत घातलेला होता. असा माणूस लपूनछपून टोचत नाही.

चंद्रभान शेडच्या मागे पिंपाजवळ बसला होता. सव्वीस वर्षं हा ट्रक त्यानं चालवला होता, अमरावतीच्या कापसाच्या गाठी त्यानं कुठे कुठे पोचवल्या होत्या.

"पहिला शक माह्यावर जाईन, माईत होतं मले," तो म्हणाला. "खरंबी हाय ताई. जळलो मी. सव्वीस वर्षं म्या चालवला, अन् प्रदर्शनात मालक बसते स्टेरिंगवर. मले म्हणे, चंद्रभान, तू लाल झेंडी घेऊन पुढं चाल. झेंडी! मी काय गार्ड हाव?"

"शनिवारी धुतला कशानं?"

"पंपाच्या पाण्यानं. खालून वरून, परतवाड्याची सारी धूळ काढली."

"साबण?"

"नव्या रंगाले साबण लावते काय कोणी?" त्यानं असं पाहिलं की जणू ट्रकला राख घासायला सांगितलं.

बिल्कीस परत टाकीपाशी आली. तिनं पिशवीतली सुई काढून भोकाच्या पाकळ्यांमागे हलकेच फिरवली. सुईच्या टोकाला पांढरट, मऊ काहीतरी आलं. तिनं ते पाण्याचा थेंब टाकून बोटांत चोळलं. फेस आला.

ज्या टाकीला कोणी साबण लावला नव्हता, तिच्या भोकात साबण होता.

४

"साबण?" चंद्रभान पहिल्यांदा हसला. "ताई, साबणानं टाकी गळत नाई, गळती बंद होते. कोण्याबी ड्रायव्हरले विचारा. घाटात टाकीले दगड लागला, डिझेल गळून राह्यलं, तं धुण्याचा साबण घ्याचा अन् कसकसून भोकात भराचा. दोन दिवस काई होत नाई. डिझेलात साबण इरघळतच नाई."

"अन् पाण्यात?"

"पाण्यात तं इरघळनच ना. म्हणून तं पावसात थो इलाज..." चंद्रभान बोलता बोलता थांबला. दोघंही एकाच वेळी पाण्याच्या पंपाकडे बघायला लागले.

शनिवारी भोक पडलं नव्हतं. शनिवारी फक्त साबण धुतला गेला. भोक आधीपासूनच होतं, साबणानं बुजवलेलं. म्हणूनच परतवाड्याच्या फेरीत थेंब सांडला नाही. धुतल्यावर भोकात जो काही साबण उरला तो रात्रभरात ढिला झाला आणि टाकी रिकामी झाली. शटर, कुलूप, किल्ली, चार ते सहा, सगळं फुकट गेलं होतं.

बिल्कीस ट्रकखाली शिरली. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसते त्यातल्या मागच्या पट्ट्याच्या खाचेत तिला हवं ते सापडलं. काळ्या रंगाची एक खपली, रुपयाएवढी, कुरकुरीत. तिनं ती चिमट्यानं उचलून पाकिटात टाकली आणि खालीच आडवी पडून विचार केला.

शनिवार बाद झाला की शुक्रवार राहतो, आणि शुक्रवारी ट्रक दिवसभर रस्त्यावर होता. त्याआधी गुरुवार. गुरुवारी टाकी कोणी बसवली? शाकीबनं. पट्टे कसताना हातातलं हत्यार सटकलं, पत्रा टोचला गेला. आता पहिल्याच टाकीची अशी फजिती कोण कबूल करणार? घेतला साबण, भरला भोकात आणि गेला घरी. म्हणूनच रविवारी दोन मिनिटांत 'माही चूक' म्हणाला तो. त्याला कुठे बघायचं ते आधीच ठाऊक होतं.

सगळं नीट बसत होतं. चूक करून लपवणारा कारागीर चुकीच्या सांध्याहून वाईट, हे तर अब्बांचंच म्हणणं होतं. बिल्कीस धुळीत पडल्या पडल्या हसली. बाहेर आली तेव्हा ती नत्थुजींना म्हणाली, "टाकी उद्या टेम्पोनं अकोल्याले पाठवा. मी पुढं जाते."

मंगळवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडीत बसताना तिनं ठरवलं, शाकीबला आधी खोटं बोलू द्यायचं. मगच खपली काढायची.

५

अकोल्याच्या जुन्या शहरातलं दुकान तेच होतं, तिच्या लहानपणीचं. अब्बा दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले होते. शाकीब एका पोत्यात आपली हत्यारं भरत होता. नत्थुजींची टाकी नुकतीच टेम्पोतून उतरली होती आणि दारातच पडली होती.

"आपा, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. सांधा साफ हाय तुहा," ती म्हणाली. हे वाक्य तिला जड गेलं. "मंग चूक कोणती म्हणून राह्यला तू?"

शाकीबनं पोत्याचं तोंड आवळलं. मग म्हणाला, "पट्टा कसताना लागलं. गुरुवारी."

"कशानं?"

"पेचकस सटकला."

"अन् साबण?"

"म्याच लावला."

बिल्कीसच्या अंगावर आनंदाची लहर आली. सगळं कबूल! आता फक्त पुरावा समोर ठेवायचा. तिनं पाकीट काढलं, खपली तळहातावर घेतली आणि दाखवण्यासाठी उलटी केली. आणि तिथेच तिचा हात थांबला.

पेचकसाचं पातं चपटं असतं. त्यानं पत्र्याला चीर पडली असती. टाकीवरचं भोक चीर नव्हतं.

दुसरं त्याहून वाईट होतं. साबण रंगाच्या वर नव्हता. खपलीच्या पोटाला होता, रंगाच्या खाली. म्हणजे भोक रंग लागण्याआधीच पडलं होतं. गुरुवारी टाकी अमरावतीला गेली ती रंगूनच गेली होती. शाकीब धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध.

तिनं भिंग लावलं. साबण आणि रंग यांच्यामध्ये पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता. चुना.

साबणावर रंग बसत नाही, ब्रश घसरतो. कोणीतरी साबणावर कोरडा चुना दाबून तो खरखरीत केला होता, मगच त्यावरून रंग फिरवला होता. आणि रंगाआधी परीक्षेचा सगळा चुना ओल्या फडक्यानं पुसून काढायचा, ही रंग देणाऱ्याचीच पहिली पायरी. तिनं दारातल्या टाकीवर नखानं आणखी तीन ठिकाणी रंग खरवडून पाहिला. खाली लख्ख पत्रा होता. चुना होता तो फक्त तेवढ्या रुपयाएवढ्या जागी. ज्यानं रंग दिला त्यानंच तो तिथे ठेवला होता. ज्यानं रंग दिला त्याला साबण माहीत होता, आणि साबणाखालचं भोकसुद्धा.

या दुकानात टाकी कोणीही करो, रंगाचा हात देणारा माणूस एकच होता. दार लोटून, एकटा.

चार पाकळ्या, चारही सारख्या. चौकोनी टोच्याशिवाय अशा पडत नाहीत. ही गोष्ट तिला सोमवारीच दिसली होती आणि तिनं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, कारण तिला शाकीबच पाहायचा होता.

"आपा," शाकीब अगदी हळू म्हणाला, "थे पाकीट द्या मले. माहीच चूक हाय म्हटलं ना म्या."

दारात अब्बा उभे होते. टोपी अजून डोक्यावर होती.

६

अब्दुल सत्तारांनी मुलीच्या तळहातावरची खपली पाहिली, मग पुतण्याकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. ते उभ्यानं काही बोलतील अशी बिल्कीसची अपेक्षा होती. रागावतील, ओरडतील. ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले, एवढंच.

"काहून अब्बा?"



"चार लोकाइसमोर म्हटलं नत्थुजीनं," ते म्हणाले. "पोरगं पुढं गेलं म्हणे. मीबी हसलो. मंग दार लोटलं, रंग घेतला, अन् थ्या सांध्यावर हात फिरवला. खरंच पुढं गेला होता गा हा. चाळीस वर्षं हात घासले म्या, असा सांधा मले एकदाबी जमला नाई. मले पायवलं नाई थे."

"म्हणून टोचलं?"

"ठिपकंन थोडं, असं वाटलं. पहिल्या धुण्याले ठिपकंन. नत्थुजी फोन करंन, मी जाईन, घंटाभरात बंद करून देईन. लोकं म्हणतीन, उस्ताद तो उस्ताद. बस, एवढंच. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी धुतीन अन् रातभर सारी टाकी वाहीन, हे कोठी होतं माह्या डोक्यात?"

"अन् मले काहून पाठवलं? मी सर्वेअर हाव. मले भोक सापडन, हे नाई समजलं तुमाले?"

अब्बांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुले त्याच्यात चूक पाहाची होती, बेटा. लहानपणापासून पाहून राह्यलो मी. मले वाटलं, तुले सांधाच खराब दिसंन. तू तसंच लिहून देशीन."

दुकानासमोरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. बिल्कीसला वाटलं, कोणीतरी भर बाजारात तिच्या डोक्यावरची ओढणी ओढली. बापानं तिचं कसब ओळखून तिला पाठवलं नव्हतं. तिचा मत्सर ओळखून पाठवलं होतं. आणि त्याचा हिशेब किती थोडक्यात चुकला होता! कालपर्यंत ती धुळीत पडून हसत होतीच की. इतक्या वर्षांत ती अब्बांवर गेली आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. आज तिला स्वतःलाच ते दिसलं.

तिनं फोन काढून नत्थुजींचा नंबर लावला आणि अब्बांपुढे धरला.

"तुमी सांगता, का मी लिहून देऊ?"

सत्तारभाईंनी फोन घेतला. "नत्थुजी, सत्तार बोलून राह्यलो. पोराचा सांधा साफ हाय. भोक म्या पाडलं. हो, म्याच. शुद्धीत हाव. मी येतो उद्या तुमच्या दाराशी, जे म्हणाचं थे म्हणा." पलीकडून काय उत्तर आलं ते बिल्कीसला ऐकू आलं नाही. अब्बांनी फोन परत दिला, टोपी घातली आणि दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. रस्त्याकडे तोंड करून.

शाकीब कामाला लागला. टाकीत रॉकेल-डिझेलचा वास उरला तर डागणी लावताच भडका उडायचा, म्हणून त्यानं ती सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा खळबळून काढली आणि पंख्यासमोर तोंड उघडं ठेवून वाळवली. भोकाच्या पाकळ्या टाकीच्या तोंडातून सळई घालून आतून दाबून सपाट केल्या, भोवतालचा रंग खरवडला, नखाएवढी पत्र्याची टिकली कापली. बिल्कीस शेजारी उकिडवी बसून पाहत राहिली.

"तुले रविवारीच समजलं होतं ना?"

"चार कोने पायले अन् समजलं."

"मंग बोलला काहून नाई? कारखान्यात चालला होता तू. सारं अकोलं तुले नाव ठेवत होतं."

"काय बोलू आपा?" शाकीबनं डागणी भट्टीत सरकवली. "डागणी धराले त्याइनं शिकवलं. त्याइलेच चोर म्हणू?"

आणि बिल्कीसचा संताप अनावर झाला. तो अब्बांवरचा नव्हता.

"हुनर तुलेच!" ती ओरडली. "डागणीबी तुलेच, पाटीबी तुलेच, अन् आता मोठं मनबी तुलेच? मी त्याइची सख्खी पोरगी. मी त्याइले उघडं पाडलं, अन् तू झाकत बसला! माह्यासाठी काई ठेवलंच नाई का रे तुनं?"

भट्टीत डागणी तापत होती. बाहेर बाकावर अब्बांची पाठ ताठ झाली होती, म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं.

"तुमी नसत्या आल्या," शाकीब सावकाश म्हणाला, "तं उद्या मी नांदगाव पेठेत उभा असतो."

"मी तुले वाचवाले नव्हती आली. तुले पकडाले आली होती."

"माईत हाय," शाकीब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उपकारही नव्हते. "मले पहिल्या दिवसापासून माईत हाय, आपा. म्या तुमची डागणी घेतली होती."

त्यानं लाल झालेली डागणी उचलली. टाकी फळ्यांवर जराशी डगमगत होती. बिल्कीसनं डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरून ठेवली.